दहा मिनिटांची पाळी

एकतीस वर्षं झाली विधानभवनात,
मी कुणाचंही भाषण पूर्ण ऐकलेलं नाही.
दहा मिनिटं लिहायचं, खांद्याशी सावली आली
की अर्धं वाक्य तिच्या हाती देऊन उठायचं,
वर जाऊन टाइप करायचं.
सारंगांचं घराणं मला माहीत आहे ते असं,
तुकड्यातुकड्यांनी.

देवराम सारंग माझ्या आधीचे. पिवळ्या कागदांवर भेटले.
गोदीत विंच चालवलेला माणूस,
सभागृहातही लांबच्या जहाजाला हाक मारल्यासारखा बोलायचा,
असं पाटणेबाई सांगायच्या.
हरिश्चंद्र सारंग माझ्या पेनाखाली दोनदा मंत्री झाले.
आकडे तोंडपाठ, श्वास वाक्याच्या मधोमध,
आणि ‘अध्यक्ष महोदय’ इतकं घाईत
की मला त्याला एक वेलांटी पुरायची.

मग हा आला. ओजस. एकोणतीस.
जाकीट बापाचंच, खांद्यात आवळून घेतलेलं.
पहिल्या भाषणात नऊ वेळा ‘माझे आजोबा’,
अकरा वेळा ‘साहेब’, म्हणजे वडील.
मी मोजले, दुसरं मोजण्यासारखं काही नव्हतं.
मागून कुणीतरी म्हणालं, दूध पिऊन आलास ना रे?
मी कंसात ‘हशा’ लिहिलं.
त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या,
ते लिहायचा नियम नाही.

दोन अधिवेशनं नुसता बसून होता.
ग्रंथालयातला धुरी म्हणाला,
सारंगांचा पोरगा जुनी कार्यवाही मागवतो,
गठ्ठे स्वतः सोडतो, स्वतः बांधतो,
गाठ मात्र चुकीची मारतो.

मार्चमध्ये अर्ध्या तासाची चर्चा लागली,
घोडपदेवच्या संक्रमण शिबिराची.
रात्रीचे पावणेदहा, सभागृहात सोळा डोकी, माझी पाळी.
तो उठला. हातात एकच कागद.
“इथे एक आश्वासन दिलं गेलं होतं. वाचतो.
सहा महिन्यांत रहिवाशांना पक्की घरं मिळतील.
अध्यक्ष महोदय, त्या वर्षी तिथे जन्मलेल्या मुली
आज त्याच पत्र्याखाली आपल्या पोरांना अंघोळ घालतात.”
“कुणी दिलं होतं?” समोरून आवाज, मजेत.
“माझ्या वडिलांनी.”

कंसात आम्ही पुष्कळ काही लिहितो.
हशा, अडथळा, बाके वाजवली जातात, घंटा.
शांततेसाठी कंस नाही.
मी पेन टेकवून धरलं, शाईचा ठिपका पसरत गेला.
वर गॅलरीत शिबिरातून आलेली एक बाई
टाळी वाजवायला गेली,
मार्शलने तिचे हात हवेतच अडवले.

वडिलांचं ते वाक्यही मीच लिहिलं होतं.
‘सहा महिन्यांत’ला माझ्याकडे एक रेघ आहे,
पेन न उचलता ओढता येते.
कुठल्या पुस्तकातली नाही, माझी मीच केलेली.
फार लागते.

दुसऱ्या दिवशी तो प्रत दुरुस्त करायला आला.
रात्री घरी काय झालं ठाऊक नाही, डोळे सुजलेले.
लाल पेन मागितलं. वाटलं, आता खोडणार.
त्याने ‘पत्र्याखाली’च्या आधी ‘सिमेंटच्या’ घातलं.
“चुकून राहिलं,” म्हणाला. सही केली.
मग दारातून वळून,
“मॅडम, साहेब तेव्हा हे बोलले, तर आवाज कसा होता?”
कागदात आवाज उतरत नाही.
मी म्हटलं, “मला खरं वाटलं होतं.”

यंदा तो राज्यमंत्री आहे. जाकीट स्वतःच्या मापाचं.
काल घोडपदेवच निघालं.
विचारणारी पहिल्यांदाच निवडून आलेली, त्याच्याहून लहान,
कुणाची मुलगी-सून नाही म्हणे.
“नक्की किती दिवसांत?”
तो उठला. पाणी प्यायला.
अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठी आली, ती उघडली, पुन्हा घडी घातली.
माझा हात सवयीने पुढे धावला,
ती रेघ ओढून मोकळा.
त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

खांद्याशी सावली आली.
मी रेघ खोडली, दोनदा,
आणि वही मिटून उठले.